एक पेला, दोन समुद्र

अमरावतीत सकाळी नळाला येतं ते वर्धा नदीचं पाणी. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला तिच्यावर अप्पर वर्धा धरण आहे. तिथून पन्नासेक किलोमीटर पाइपातून ते शहरात पोचतं. कोणी अडवलं नसतं तर हेच पाणी वर्धेतून खाली गेलं असतं, वैनगंगेला भेटून प्राणहिता झालं असतं आणि गोदावरीच्या संगतीनं बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. पण एखाद्या घरी त्यानं चार भांडी घासली की ते मोरीतून गटारात, गटारातून अंबा नाल्यात आणि तिथून पेढी नदीत जातं. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. मोरीच्या जाळीपाशी पाणी आपला समुद्र बदलतं!

याचं कारण शहराच्या पूर्वेला उभं आहे. पोहऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस पलीकडे चांदूर रेल्वेच्या अंगानं उतरला तर वर्धेकडे जातो, अलीकडे उतरला तर पेढीकडे. वडाळी आणि छत्री हे जुने तलाव या अलीकडच्या पायथ्याशी आहेत. एके काळी गाव त्यांच्यावरच भागत होतं. तेव्हा अमरावती आपल्याच खोऱ्याचं पाणी प्यायची आणि आपल्याच खोऱ्यात सोडायची. शहर वाढलं, तलाव अपुरे पडले आणि पाइप डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जाऊन पोचला.

वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली. गोदावरी खोऱ्याचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यानं तापी खोऱ्यात न्यायचं, असा तो बेत. त्यावर विदर्भात किती चर्चा, किती भाषणं, किती नकाशे. इकडे अमरावतीच्या न्हाणीघरांनी हा नदीजोड गाजावाजा न करता कधीच सुरू करून टाकला आहे.

नळाचं पाणी हे असं वाटेतलं पाणी. ते कुठून आलं आणि कुठे निघालं हे कळल्याशिवाय शहराच्या पाण्याचं नियोजन करता येत नाही, आणि नेमकं हेच पाहणं अवघड असतं. धरण जलसंपदा विभागाचं. अमरावतीत पाइप आणि मीटर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. महापालिका १९८३ पासून आहे, पण नळ तिच्याकडे नाहीत. गटार मात्र तिचं, वडाळी-छत्रीसुद्धा तिचेच. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणा मोजते. पाणी एकच, पण दर दहा-वीस किलोमीटरवर त्याचं खातं बदलतं.

आता थोडा हिशेब करू. वर्तमानपत्रात धरणाच्या बातमीत ‘दलघमी’ हा शब्द येतो आणि बहुतेक वाचक तिथून पुढच्या बातमीवर जातात. एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजे १०० कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या ६,४७,०५७ होती. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, असा सरकारी निकष आहे. गुणाकार केला तर रोजचे पावणेनऊ कोटी लिटर होतात आणि वर्षाचे सुमारे ३२ दलघमी. अप्पर वर्धाचा उपयुक्त साठा आहे ५६४ दलघमी. म्हणजे धरण भरलं तर शहराला लागतो त्यातला अठरावा हिस्सा. आज लोकसंख्या वाढलेली आहे, तरी वाटा फार बदलत नाही.

मग एवढं पाणी असताना ओढाताण का? एक तर धरण सिंचनासाठी बांधलेलं, त्यामुळे मोठा वाटा कालव्यांचा. शिवाय नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला इथलं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं होतं. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा नंबर होता आणि शेती तिसरी. २०११ मध्ये सरकारनं तो क्रम फिरवून शेतीला दुसऱ्या क्रमांकावर आणलं. वऱ्हाडातल्या त्या भांडणाचाही याला हातभार लागला, असं माझं मत.

दुसरं गिऱ्हाईक कधी आंदोलन करत नाही आणि अर्जही देत नाही. ते म्हणजे ऊन. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळिशी गाठतो. अकोल्यात २०२४ च्या मेअखेरीस उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवसांत उघड्या जलाशयावरून रोज सेंटिमीटरभर पाणी वाफ होऊन उडतं. एक सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटिमीटर गेलं तर एक कोटी लिटर गेलं, म्हणजे पाऊण लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी. हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. धरणाचा पसारा त्याच्या कित्येक पट असतो.

म्हणून १५ ऑक्टोबर ही तारीख महत्त्वाची. पावसाळा संपला, आता धरणात नवं काही येणार नाही, असं धरून त्या दिवशीचा साठा मोजतात. त्यातून आधी पिण्याचं आरक्षण बाजूला काढायचं, उन्हाळ्याची वाफ वजा करायची, उरलं ते रब्बीला. मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पाळ्या ठरतात. कापूस-हरभऱ्याचं गणित आणि शहरातल्या आंघोळीचं गणित या एका बैठकीत समोरासमोर येतं.

अकोल्यात हाच हिशेब जास्त अटीतटीचा. अकोल्याचं पाणी बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं. त्याचा उपयुक्त साठा ८६ दलघमी, अप्पर वर्धाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. २०११ ची सव्वाचार लाख लोकसंख्या धरली तरी शहराला वर्षाला २१ दलघमी लागतात, म्हणजे भरलेल्या धरणाचा चौथा भाग. आणि धरण दर वर्षी भरतंच असं नाही. २०१७ चा पावसाळा ओढगस्तीचा गेला आणि २०१८ चा उन्हाळा अकोल्यानं काटेपूर्णाच्या तळाकडे बघत काढला.

दुसरं शहर असतं तर म्हणालं असतं, बोअर घ्या. अकोल्याच्या उत्तरेला ते चालत नाही. तिथून खारपाणपट्टा सुरू होतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली पूर्णेच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर, शेगाव असा पसरलेला हा पट्टा. वर सोन्यासारखी काळी जमीन. खाली नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे थर, काही ठिकाणी ३०० मीटरहून खोल. त्यात अडकलेलं पाणी खारट. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, आणि तरी या मुलखात पूर्वी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत! हे मीठ आलं कुठून, यावर भूशास्त्रज्ञांचे तर्क आजही वेगवेगळे आहेत. निचरा होत नाही आणि ऊन पाणी ओढून घेऊन क्षार मागे ठेवतं, एवढ्यावर मात्र बहुतेकांचं जमतं. इथला शेतकरी म्हणूनच विहिरीपेक्षा शेततळ्यावर भरवसा ठेवतो. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं असतं. पावसाचं पाणी मुरलं तर ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. हलक्या हातानं काढलं तर गोड लागतं. मोठी मोटर लावून ओढलं की खालचं खारं वर येतं.

त्यामुळे काटेपूर्णाला शहराखेरीज खेड्यांचीही तहान भागवावी लागते. खांबोऱ्याची ६४ खेडी योजना त्यासाठीची. तिची रीत बघण्यासारखी आहे. महानहून पाणी नदीच्या पात्रात सोडतात. ते वाहत खाली खांबोऱ्याच्या उन्नई बंधाऱ्यात येऊन थांबतं आणि तिथून उपसून खाऱ्या पट्ट्यातल्या गावांना जातं. पाइप टाकण्याचा खर्च वाचला, पण कोरडी पडलेली रेती आधी आपला वाटा पिऊन घेते, मग ऊन घेतं, मग काठावरच्या मोटारी. धरणातून सुटलेलं आणि बंधाऱ्यात पोचलेलं पाणी सारखं नसतं. मधल्या फरकाचं बिल कोणालाच जात नाही.

अकोल्यासाठी तेल्हाऱ्याकडच्या वान धरणाचं पाणी आणायचं ठरलं तेव्हा तिथले शेतकरी विरोधात उभे राहिले. त्यांचं काय चुकलं? खारपाणपट्ट्याच्या कडेला राहून गोड्या पाण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार? नवं धरण किंवा दुसऱ्याचं धरण हा उपाय पहिल्यांदा सुचतो. तो सर्वांत महागही असतो, आणि फक्त पैशानं नव्हे.

शहराच्या पोटातही एक धरण असतं, गळक्या पाण्याचं. ते शोधायचं तर रात्री दोन ते चारच्या सुमारास. तेव्हा कोणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही. एखादा भाग वेगळा पाडून त्याच्या टाकीकडे बघत बसायचं. समजा तासाला दहा हजार लिटर उतरले. सगळे झोपलेत, मग हे पाणी पितंय कोण? त्यातलं बहुतेक जमीन पिते. दिवसा दाब पडतो म्हणून गळती थोडी कमी धरली, तरी दिवसाचे दोनेक लाख लिटर सहज होतात, म्हणजे दीड हजार माणसांचं पाणी. मग सळई घेऊन माणूस निघतो. लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाइप धड असेल तर आवाज नाही. जवळ कुठे फुटला असेल तर बारीक सूंऽऽ असा सूर येतो. पुढच्या व्हॉल्व्हवर तो मोठा झाला की दिशा बरोबर, लहान झाला की मागे फिरायचं. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, तरी ती करतात हेच. खणायची जागा कानानं ठरते.

नळ रोज येत नसतील तर हे काम आणखी किचकट होतं. पाइप रिकामा झाला की आत पोकळी तयार होते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. टिल्लू पंप लावणारे त्यात भर घालतात. आणि गंमत अशी, की कमी वेळ पाणी दिलं म्हणून ते वाचतंच असं नाही. ‘नळ आले काय वं?’ अशी हाक गल्लीत फिरली की काल भरलेलं पाणी शिळं होतं. ते अंगणात ओतायचं आणि त्याच पिंपात ताजं भरायचं. ओतलेलं पाणी कोणी वापरलेलं नसतं, पण नोंद वापराची होते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं जीवन प्राधिकरणाच्या साथीनं चोवीस तास पाणी सुरू केलं, मीटर बसवले, जास्त वापराला चढता दर लावला. नळाला पाणी कायम आहे म्हटल्यावर साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला? अमरावतीत मीटर आहेत, हे त्या दृष्टीनं मोठं भांडवल. जे मोजलंच जात नाही त्याचं नियोजन म्हणजे अंदाजपंचे.

आता पुन्हा मोरीकडे. शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, असं धरतात. वरच्या हिशेबानं अमरावतीत रोजचे सात कोटी लिटर. पावसाळा असो की दुष्काळ, ते येतंच. किंबहुना या मुलखात बारमाही म्हणावी अशी नदी हीच. अकोल्याला मोर्णा नदीची जी अवस्था झाली तीही याच पाण्यामुळे. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर जलकुंभी काढायला नदीत उतरले, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. जलकुंभी निघाली, पण ती ज्यावर पोसते ते सांडपाणी शुद्ध होईपर्यंत ती पुन्हा उगवणारच. आणि २०२१ च्या जुलैमध्ये तीच मोर्णा लोकांच्या घरात शिरली. पूर, जलकुंभी आणि नळ हे तीन वेगळे विषय म्हणून तीन बैठकांत येतात.

शेजारच्या नागपूरनं सांडपाणी विकून दाखवलं आहे. भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि तेवढं धरणाचं पाणी मोकळं होतं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानं तर सांगितलंच आहे, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरावं. नांदगाव पेठ अमरावतीच्या कुशीत आहे.

इथे नियोजन करणाऱ्यानं एकदा थबकायला हवं. तिकडे हे सांडपाणी वळवलं तर सिंभोऱ्याला पाणी वाचेल आणि मोर्शीच्या बाजूच्या कालव्यांना मिळेल. त्या मोर्शी-वरुडमध्ये संत्र्याच्या बागांनी बोअर उपसून भूजल खोल नेलं आहे. पण तेवढंच पाणी पेढीतून कमी होईल, आणि पेढी पुढे भातकुलीच्या खाऱ्या पट्ट्यातून जाते. शुद्ध केलेलं हे सांडपाणी म्हणजे त्या पट्ट्याला मिळणारं वर्धेचं गोडं पाणीच. ते वीज केंद्राला किती द्यायचं, पेढीत किती सोडायचं आणि उन्हाळ्यात हे प्रमाण बदलायचं का, हे ठरवायला सिंभोऱ्याचा साठा, अंबा नाल्याचा प्रवाह आणि भातकुलीच्या विहिरींचा खारेपणा, हे तिन्ही आकडे एकाच टेबलावर लागतील. आज त्यांचे रकाने तीन वेगवेगळ्या कार्यालयांत भरले जातात.