सिंहावाचून अरण्ययात्रा

आफ्रिकेतील अरण्ययात्रा म्हटली की केनिया-टांझानियाची गवताळ मैदाने आणि तेथील सिंह-हत्ती डोळ्यांपुढे उभे राहतात. पश्चिम किनाऱ्यावरील गांबियात यांपैकी काहीच नाही. नदीच्या दोन्ही तीरांना बिलगलेला, जेमतेम अकरा हजार चौरस किलोमीटरांचा हा देश. सिंह, हत्ती व जिराफ यांची वस्ती येथून केव्हाच उठली. तरीही १९६५ पासून युरोपातील प्रवासी हिवाळ्यात येथे येऊ लागले आणि पर्यटन हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार बनला.

गमावलेल्याची जाणीव झाल्यावर उरलेले जपण्याची बुद्धी होते, ती सर्वांनाच होते असे नाही. गांबियाचे पहिले अध्यक्ष दाउदा जवारा हे व्यवसायाने पशुवैद्य. त्यांनी १९७७ च्या ‘बांजुल जाहीरनाम्या’त नष्ट झालेल्या प्राण्यांबद्दल खेद व्यक्त करून उर्वरित वन्यजीवनाच्या रक्षणाची ग्वाही दिली. त्यापूर्वी, १९६८ मध्ये, अबुकोचे छोटेसे वन राखीव झाले होते. पाणीपुरवठ्यासाठी १९१६ साली तेथील ओढ्याभोवती कुंपण पडले होते, म्हणूनच ते वन तगले. पाण्याची गरज वनाच्या कामी आली ती अशी!

गांबिया नदीतील बेटांची कथा अधिक बोधप्रद आहे. व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटलेली चिंपांझींची अनाथ पिले १९७९ पासून तेथे सोडण्यात आली. आज त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. प्रवाशांनी नावेतून, दुरूनच त्यांना पाहावयाचे. बेटावर पाऊल ठेवण्यास मनाई. पैसे मोजून आलेल्या पाहुण्यालाही मर्यादा सांगणारा हा नियमच त्या प्राण्यांचे खरे कवच होय.

मात्र पाहुण्यांच्या पैशावर सारी भिस्त ठेवणे धोक्याचे असते. २०१४ मध्ये शेजारच्या काही देशांत इबोलाची साथ पसरली. गांबियात एकही रुग्ण आढळला नाही, तरी प्रवाशांनी पाठ फिरविली. परदेशी माणसाच्या भीतीवर ज्याचे उत्पन्न हेलकावते, त्या वनाचे रक्षण कायम कोणी करावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर राजधानीजवळच्या तानबी खारफुटीत सापडते. तेथे कालवे गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेला सरकारने २०१२ मध्ये त्या कालवांवर विशेष हक्क दिला आणि त्याबरोबर ती जपण्याची जबाबदारीही सोपविली. ज्यांची चूल खारफुटीवर पेटते, त्या तिच्यावर कुऱ्हाड चालू देणार नाहीत, हा त्यामागील साधा विचार आहे.

पाचशेहून अधिक जातींचे पक्षी पाहण्यास प्रवासी गांबियात जरूर जावोत. त्यांच्या पैशाने वनाला हातभार लागेल, यात शंका नाही. परंतु प्रवासी हंगामापुरता येतो. वनाकाठचा माणूस बारा महिने तेथेच असतो. संरक्षणाचा हिशेब मांडताना त्याचा वाटा आधी धरला नाही, तर उरलेले प्राणीही सिंहांच्याच वाटेने जातील.