निरोप पुसणारे विकर

डोंबिवलीत आमच्या इमारतीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. फळ्यावर हातानेच अचूक वर्तुळ काढण्याबद्दल ते शाळेत प्रसिद्ध होते. आज त्यांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला तरी थरथरतो आणि लिहिताना अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. हा पार्किन्सनचा आजार, म्हणजेच कंपवात. एकदा ते मला म्हणाले, "सर, एक गोळी मेंदूत डोपामीन वाढवते, हे समजले. ही दुसरी गोळी कुणाला तरी अडवते म्हणे. कुणाला?" मी पडलो पदार्थविज्ञानाचा माणूस. उत्तर शोधायला पुस्तके उघडावी लागली. जे सापडले ते तुम्हालाही सांगतो.

मेंदूतील दोन मज्जापेशींमध्ये अतिशय अरुंद फट असते. पहिली पेशी काही रसायने सोडते; ती फट ओलांडून दुसरीला निरोप देतात. डोपामीन हा असाच एक निरोप्या. हालचाली सुरळीत होण्यासाठी तो लागतो. कंपवातात तो तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात.

पण निरोप पोहोचल्यावर निरोप्याचे काय होते? सकाळचा डोंबिवलीचा फलाट आठवा. आधीच्या गाडीतून उतरलेली माणसे पुलावरून निघून गेली नाहीत, तर पुढच्या गाडीतील माणसे उतरणार कुठे? मेंदूतही जागा मोकळी करावीच लागते. बरेचसे डोपामीन पेशी परत आत ओढून घेतात. त्यातील काही पुन्हा वापरले जाते. उरलेले मोडून टाकण्याच्या कामी मोठा वाटा एका विकराचा असतो. त्याचे नाव मोनोअमाइन ऑक्सिडेझ, थोडक्यात एम.ए.ओ. पेशीतील तंतुकणिकांच्या बाहेरच्या पटलात ते रुतून बसलेले असते. केंब्रिजमध्ये मेरी हेअर यांना १९२८ साली यकृतात त्याचा प्रथम शोध लागला. प्राणवायूच्या साहाय्याने ते डोपामीनचा अमाइन गट काढून टाकते आणि त्या वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे पेरॉक्साइड लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आता उपचाराकडे वळू. डोपामीन कमी पडते तर ते सरळ खायला का देऊ नये? कारण रक्तातून मेंदूत शिरताना लागणारा अडसर त्याला ओलांडता येत नाही. एल-डोपा हे त्याचे पूर्वरूप मात्र आत जाते आणि तेथे त्याचे डोपामीन होते. आपल्या डोंगरउतारांवर वाढणारी, शेंगेला हात लागताच अंगाची आग करणारी खाजकुइली तुम्हाला माहीत असेल. तिच्या बियांत एल-डोपा असते, हे भारतात दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवले. पुढे डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आदी मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचा अभ्यास केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. (म्हणून कुणी घरी बिया कुटून देऊ नयेत, मात्रा चुकली तर अपाय होतो.)

पण मेंदूत पोहोचलेल्या या मोलाच्या डोपामीनचीही एम.ए.ओ. मोडतोड करतेच. गुरुजींची दुसरी गोळी अडवते ती यालाच!

मग हे विकर सरसकट बंद करून टाकावे का? तसे करणे धोक्याचे आहे. एम.ए.ओ.ची दोन भावंडे आहेत, 'ए' आणि 'बी'. त्यांची सुमारे ७० टक्के रचना सारखी आहे. आतड्यातील 'ए' अन्नातील टायरामीन नावाचे द्रव्य मोडून आपले रक्षण करते. जुनी औषधे दोघांनाही बंद पाडत. ती घेणाऱ्याने मुरवलेले चीज खाल्ले की टायरामीन रक्तात शिरे आणि रक्तदाब एकदम चढे. लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ साली हा संबंध उघड केला. कंपवातात अडवायचे ते 'बी'ला, 'ए'ला धक्का न लावता.

त्यासाठी एकेका भावंडाची स्वतंत्र परीक्षा घ्यायला हवी. जिवंत माणसाच्या मेंदूतून विकर काढता येत नाही. गुरांच्या यकृतातून मिळते, पण ते माणसाचे नव्हे. यावर तोड निघाली ती यीस्टमधून. पिकिया पास्टोरिस नावाचे यीस्ट मिथेनॉलवर जगते. माणसाला विष असलेले मिथेनॉल मिळाले की ते पचवण्याचे त्याचे जनुक जागे होते. त्या जनुकाच्या कळीला शास्त्रज्ञांनी माणसाच्या एम.ए.ओ.चे जनुक जोडले. आता मिथेनॉल घालताच यीस्ट मानवी विकर बनवू लागले! अमेरिकेत अटलांटा येथील डेल एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेने हे साधले. तेथील 'बी'चे स्फटिक करून इटलीतील आंद्रेआ मात्तेवी व क्लाउडिया बिंदा यांच्यासह २००२ साली क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडण्यात आली. 'बी'च्या पोटात एकामागे एक दोन लहान खोल्या आणि मध्ये एक दार; मानवी 'ए'मध्ये मात्र एकच खोली, हे २००५ साली दिसले. कोणते औषध कुठे मावेल, हे आता डोळ्यांनी पाहता येते.

औषधाची परीक्षाही सोपी झाली. विकर, त्याचे भक्ष्य आणि पेरॉक्साइड तयार होताच गुलाबी होणारे एक द्रव्य एकत्र करायचे. रंग चढला तर विकर चालू आहे. औषध घातल्यावर 'बी'च्या नळीत रंग चढला नाही, पण 'ए'च्या नळीत चढला, तर निवड अचूक!

तुम्हीही असाच एक प्रयोग करा. केळ्यातही डोपामीन असते. केळ्यातीलच एक वेगळे विकर हवेतील प्राणवायूने ते तपकिरी करते. तीन चकत्या कापा. एक तशीच ठेवा, दुसरीवर लिंबू पिळा, तिसरी दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढा. तासाभराने रंग पाहून वहीत नोंदवा. लिंबाने विकराला अडवले. उकळण्याने त्याची रचनाच मोडली. औषधाला हवा असतो तो पहिला मार्ग.

हे सारे मी गुरुजींना सांगितले. ही गोळी मेलेल्या पेशी परत आणत नाही, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे जे थोडे उरले आहे, ते ही जरा जास्त वेळ पुरवते." पाठ्यपुस्तकात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.