सोसायटीचा नियम कोण बदलतो?

समजा, तुम्ही एखाद्या खेड्यात शाळामास्तर आहात. मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून तालुक्याच्या गावी कर्ज काढून दोन खोल्यांची जागा घेतली. जागा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या, म्हणजे आपण जिला नुसते सोसायटी म्हणतो तिच्या, इमारतीत. पुढे मुले शिकून बाहेरगावी गेली आणि तुम्ही ती जागा भाड्याने दिलीत. एके दिवशी भाडेकरूचा फोन येतो. खाली फळ्यावर नोटीस लागली आहे: जे सभासद स्वतः राहत नाहीत त्यांनी पुढील महिन्यापासून दरमहा ५०० रुपये जादा भरावेत. सर्वसाधारण सभेने नियम बदलला आहे. खाली सेक्रेटरींची सही.

आता हे पैसे भरायचे की नाही? बहुतेक जण कुरकुरत भरतात. सभेने ठरवले, आता काय करणार, अशी आपली समजूत असते. ही समजूत अर्धी खरी आणि अर्धी खोटी आहे. त्यातला खोटा अर्धा आधी पाहू.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी संस्थेच्या डोक्यावर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आहे. त्याच्या खाली १९६१ साली सरकारने केलेले नियम. त्याच्याही खाली संस्थेचे स्वतःचे पोटनियम. सरकारी भाषेत त्यांना उपविधी म्हणतात. आणि अगदी तळाशी सभेचे ठराव. पाण्याची टाकी कधी धुवायची, रंग कोणाकडून लावून घ्यायचा, हे ठरावाने होते. पण सभासद कोणाला करावे, कोणती वर्गणी कोणत्या हिशेबाने घ्यावी, समिती किती जणांची असावी, ही घडी पोटनियमांनी घातलेली असते. ती मोडून नवी घालायची तर नुसते हात वर करून भागत नाही. अधिनियमाचे कलम १३ स्वच्छ सांगते की, पोटनियमातला बदल निबंधकाकडे नोंदला जाईपर्यंत कायदेशीर होत नाही. सभा झाली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, तरी नोंदणी होईपर्यंत जुनाच पोटनियम चालू असतो.

तेव्हा फळ्यावरची नोटीस वाचून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हा नुसता ठराव आहे की पोटनियमातला बदल? बदल असेल तर तो नोंदला कधी?

बदलाची रीत तशी अवघड नाही. सुचवलेला बदल सभेच्या १४ दिवस आधी सर्व सभासदांकडे लेखी पोचला पाहिजे. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय' या सदरात पोटनियम बदलता येत नाही, बरे का! पुष्कळ सभांत नेमकी हीच चूक होते. चहा आल्यावर कोणी तरी उठतो, 'हेही करून टाकू' म्हणतो, आणि होऊन जाते. मग सभेत हजर असून मत देणाऱ्यांपैकी निदान तिनात दोघांनी होकार दिला पाहिजे. त्यानंतर सभेच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत ठरावाची प्रत निबंधकाकडे जाते. सोबत जुना पोटनियम, सुचवलेला बदल आणि त्याची कारणे, सभासदांना दिलेल्या सूचनेची प्रत आणि नव्या मजकुराच्या सह्या केलेल्या चार प्रती जोडायच्या. निबंधकाने दोन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. मान्य झाले तर शिक्क्याची प्रमाणित प्रत संस्थेला मिळते. तीच नोंदणीचा पुरावा. नाकारले तर कारणे कळवावी लागतात, आणि त्यावर अपील करता येते.

आता खरा अर्धा भाग. हा नीट ध्यानात घ्या. गावी राहणाऱ्यांचे नुकसान इथेच होते. 'तिनात दोघे' हे सगळ्या सभासदांपैकी नव्हेत. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी. सोसायटीत ६० सभासद आहेत असे धरा. आदर्श उपविधींप्रमाणे सभेला लागणारी गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत जी कमी असेल ती. म्हणजे २० माणसे जमली की सभा भरली. त्यांतले दोघे गप्प बसले. १८ मते पडली. १२ जणांनी हो म्हटले की रीतसर बदल मंजूर. साठांच्या घराचा नियम बारांनी बदलला, आणि एकदा तो नोंदला गेला की उरलेल्या अठ्ठेचाळिसांवरही बांधील. मी स्वतः एकदा अशा सभेला उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत म्हणून गेलो नव्हतो. तेव्हापासून आमच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत.

तरी बारांनाच काय, साठांनाही एक गोष्ट करता येत नाही. वरच्या पायरीला धक्का लावता येत नाही. तुमचे ५०० रुपये घ्या. भाड्याने दिलेल्या जागेवर सोसायटी जे जादा घेते त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. पूर्वी काही संस्था ते वाटेल तसे लावीत. १ ऑगस्ट २००१ रोजी राज्य सरकारने अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली आदेश काढून त्याला मर्यादा घातली: महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे कर वगळून जे सेवा शुल्क येते त्याच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही. काही संस्था भांडल्या. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. म्हणजे तुमच्या जागेचे सेवा शुल्क महिन्याला ६०० रुपये असेल तर जादा फार तर ६० रुपये. सभेत एकमताने ठरले असले तरी ५०० नव्हे.

कधी उलटेही घडते. पोटनियम कायद्याशी जुळत नसेल तर निबंधकच संस्थेला तो बदलायला सांगतो, आणि संस्था ठरलेल्या मुदतीत हलली नाही तर रीत पाळून स्वतः बदल नोंदवू शकतो. अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या इमारतींची गोष्ट निराळी. त्यांना १९७० चा वेगळा कायदा आहे आणि तिथे पोटनियमातला बदल मूळ घोषणापत्रात दुरुस्ती करून नोंदवावा लागतो.

तुम्ही म्हणाल, आमची जागाच नाही शहरात, आम्हाला काय त्याचे? पण कलम १३ काही गच्ची-जिन्यांसाठी लिहिलेले नाही. तुमची विकास सोसायटी, दूध संस्था, शिक्षकांची पतसंस्था, सगळ्या त्याच्याच खाली येतात. किंबहुना सहकार आधी खेड्यात आला. १९०४ चा पहिला कायदा पतपेढ्यांसाठी होता, १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावी पतसंस्था निघाली, आणि मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था नोंदली गेली ती त्यानंतर, १९१५ साली.

आता त्या नोटिशीचे काय करायचे? सेक्रेटरींना साधे पत्र लिहा आणि पोच घ्या. पत्रात तीन गोष्टी मागा: सभेची सूचना, ठरावाची नक्कल, आणि नोंदणीची प्रमाणित प्रत. पोटनियम फुकट पाहण्याचा हक्क सभासदाला अधिनियमानेच दिलेला आहे. 'अध्यक्ष गावाला गेलेत' हे त्याला उत्तर होत नाही. आपल्या हिशेबाने येणारे ६० रुपये मात्र वेळेवर भरत राहा, नाही तर थकबाकीदार म्हणून तुमचेच नाव फळ्यावर लागेल. पत्राला उत्तर आले नाही, तर त्याच पत्राची प्रत जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत अर्ज द्यावा.