अनुदान संपल्यावर बाळाचे वजन कोण करणार?

दिवाळीच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. आईवडील पहाटेच फडात जातात आणि तान्ही मुले थोरल्या भावंडांकडे राहतात. अशा वस्त्यांवर पाळणाघर, पूरक आहार, आरोग्य तपासणी असे उपक्रम अनेकदा देणगीवर सुरू होतात. अनुदानाची मुदत संपली की काटा कपाटात जातो.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १,००० दिवस मुलाच्या वाढीसाठी सर्वांत महत्त्वाचे असतात. गाळप हंगाम पाच महिन्यांचा धरला, तर दोन हंगामांत त्यातले ३०० दिवस कोपीतच जातात. या काळात वजन घटले किंवा गोवराची लस चुकली, तर नुकसान सहज भरून निघत नाही.

मग उपक्रम टिकतात कसे? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर आशा स्वयंसेविकांकडे सोपवली. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत आणि त्यांचा मोबदला सरकार देते.

हे काम टिकले, कारण ते गावातच राहणाऱ्या माणसाच्या हाती आले आणि खर्चाला कायमची तरतूद मिळाली. ऊसपट्ट्यातही हे शक्य आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आहेत, म्हणजे दहा लाख टन गाळपावर एक कोटी. स्थलांतरित बाळाला जवळच्या अंगणवाडीत आहार व लस मिळाली पाहिजे. त्यासाठी आईने माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणावे आणि मुकादमाने टोळीतील गरोदर स्त्रिया व लहान मुलांची यादी पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेला द्यावी.

नवा उपक्रम सुरू करणाऱ्या संस्थेला पहिल्याच दिवशी विचारा, ‘तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार?’ आणि येत्या ग्रामसभेत त्या १० टक्क्यांचा हिशेब मागा.