पुस्तकांना दाते मिळाले, ध्वनिमुद्रिकांचे काय?

१८०० ते १९५० या दीडशे वर्षांत मराठीत कोणते पुस्तक केव्हा, कुठे आणि कोणी छापले हे पाहायचे असेल, तर शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड उघडावे लागतात. पहिला १९३७ पर्यंतचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. सूचीत काही पुस्तके राहून गेली असतील. पण राहून गेले हे कळायलाही आधी सूची असावी लागते. आता हाच प्रश्न गाण्याबद्दल विचारून पाहा. ‘स्वयंवर’मधले अमुक पद बालगंधर्वांच्या आवाजात पहिल्यांदा केव्हा मुद्रित झाले, तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होते, तेच पद आणखी कोणी गायले, आणि आज ती तबकडी मुंबईत कुठे ऐकायला मिळेल? याची उत्तरे ठाऊक असलेली माणसे आहेत. अडचण अशी, की उत्तर मिळवण्यासाठी आधी ते माणूस ठाऊक असावे लागते. कुर्ल्यात राहणाऱ्या, कोणा संग्राहकाशी किंवा गवयाशी ओळख नसलेल्या वाचकाला हे दार बंदच राहते. संगीताच्या वारशाबद्दल बोलताना आपला भर जतनावर असतो. जतन हवेच, पण त्याहून मोठी उणीव नोंदीची आहे, आणि ती भरून काढण्याची योग्य जागा सार्वजनिक ग्रंथालय ही आहे, एवढेच या लेखाचे म्हणणे.

ध्वनी ग्रंथालयाबाहेर राहिला याला कारण आहे, आणि ते कायद्यात सापडते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मद्रासचे कॉनेमारा, मुंबईचे टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय अशा ठिकाणी पाठवणे बंधनकारक केले. या कायद्यातली पुस्तकाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे: खंड, पुस्तिका, नकाशा, तक्ता आणि छापील स्वरलिपीचा सुटा कागदसुद्धा तिच्यात बसतो. बसत नाही ती ध्वनिमुद्रिका. म्हणजे गाण्याचा कागद सरकारजमा होतो, गाणे होत नाही. हा कायदा झाला तेव्हा ध्वनिमुद्रण काही नवे राहिले नव्हते. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित केला त्याला अर्धशतक उलटून गेले होते. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्याच्या कारखान्यातच निघत होत्या. फ्रान्सने तर १९३८ मध्येच ध्वनिमुद्रिका सरकारजमा करून घेण्याची व्यवस्था उभी केली होती. आपल्याकडे तबकडी घरोघरी गेली, हॉटेलात वाजली, जुनी झाली तेव्हा चोरबाजारात आली. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत मात्र तिला जागा मिळाली नाही. पुढे कॅसेट आली आणि तिचेही तेच झाले.

ही पोकळी भरली ती खाजगी संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली; तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात तबकड्यांच्या याद्या आणि कलावंतांच्या माहितीचा मोठा साठा आहे. १९९४ मध्ये मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध केली आणि ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश दशकवार खंडांत उभा केला. यावर कोणी म्हणेल, की दातेही एकांडे शिलेदारच होते, मग ग्रंथालये हवीत कशाला? फरक पडताळणीचा आहे. दात्यांनी नोंदवलेले पुस्तक ठाण्याच्या १८९३ च्या किंवा मुंबईच्या १८९८ च्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन कोणालाही मागता येते. ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीमागचा पुरावा बहुधा कोणाच्या तरी घरच्या कपाटात असतो, आणि कपाटाचा धनी गेला की पुरावाही जातो. खाजगी संग्रहाने शोध लागतो. तो सर्वांचा व्हायला सार्वजनिक नोंद लागते.

नोंद म्हणजे नुसते गाण्याचे आणि गायकाचे नाव नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत एक मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. एकच पद त्याच गायकाने दोनदा मुद्रित केले असेल तर लेबले सारखी दिसतात. वेगळेपण सांगतो तो हा क्रमांक. तबकडीची दुसरी बाजू हीदेखील माहितीच असते, कारण कंपनीने कोणती दोन गाणी एकत्र विकायला काढली यावरून त्या काळच्या गिऱ्हाइकाची आवड कळते. फेऱ्यांचा वेग तर थेट सुरावर उठतो. सुरुवातीच्या काळात वेग कमीजास्त असे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आणि तीन मिनिटांचे पद काही सेकंद आधीच संपते. जुने गवई फार उंच आणि फार घाईने गात, अशी समजूत ऐकणाऱ्यांची सहज होऊ शकते. तिची शहानिशा करायला वेगाची नोंद लागते.

यातला अर्धा ऐवज ग्रंथालयांत आधीपासून पडून आहे. संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्या काढून पाहाव्यात. ‘सौभद्र’पासून (१८८२) पुढे पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. ते मूळ गाणे कधी कीर्तनातले, कधी लावणीचे, कधी कानडी वा हिंदुस्थानी. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कानाला काय काय ठाऊक होते, त्याची ही छापील यादीच आहे. भातखंड्यांनी मराठीतून सिद्ध केलेल्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त शेकडो चिजा स्वरलिपीसह आहेत. कित्येक ग्रंथालयांत ही पुस्तके मागणीअभावी मागच्या कपाटात गेली आहेत. ‘मानापमान’ची (१९११) प्रत, तिच्यातल्या पदांच्या ध्वनिमुद्रिका आणि त्या पदांच्या रागातल्या भातखंड्यांकडच्या चिजा या तिन्ही गोष्टी एकाच तालिकेत एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या, तर नाटक वाचायला आलेला सभासद गाण्यापर्यंत पोचेल आणि गाणे शोधत आलेला नाटकापर्यंत. ग्रंथालयशास्त्रात याला परस्परसंदर्भ म्हणतात. त्यासाठी वाचनालयात ग्रामोफोन असण्याचीही गरज नाही.

पहिला आक्षेप उघड आहे: सगळे यूट्यूबवर मिळते, मग हा खटाटोप कशाला? पुष्कळ मिळते हे खरे, आणि ते चढवणाऱ्या हौशी संग्राहकांचे उपकारच आहेत. पण तिथे गाणे सापडते ते नाव आधी ठाऊक असलेल्याला. मुद्रणाचे वर्ष, क्रमांक, साथीदार यांचा पत्ता बहुधा नसतो. एकाच्या नावावर दुसऱ्याचे गाणे चढले तर ती चूक सुधारण्याची जबाबदारी कोणाची नसते, आणि कोणी दावा ठोकला की गाणे एका रात्रीत नाहीसे होते. शिवाय आज एक ऐकलेत तर उद्या त्यासारखेच दुसरे पुढे येते. ग्रंथालयाची तालिका अक्षरक्रमाने चालते, तिला ऐकणाऱ्याच्या आवडीशी कर्तव्य नसते. म्हणूनच शोधायला न गेलेली गोष्ट तिच्यात हाताला लागते.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६० ची मुद्रिका १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली, आणि दर नव्या वर्षी आणखी एका सालाची भर पडते. मात्र मुद्रिका मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले असे नाही. शब्द आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ‘स्वयंवर’चे कर्ते खाडिलकर १९४८ मध्ये आणि चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यामुळे बालगंधर्वांच्या त्या पदांना आता कोणतीच आडकाठी नाही. ‘गीतरामायणा’चे तसे नाही: गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि सुधीर फडके यांचे संगीत २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. म्हणजे कायदा सरसकट आडवा येत नाही, तो प्रत्येक गाण्याचा वेगळा हिशेब मागतो; आणि हा हिशेब मांडायला प्रसिद्धीचे साल, कवी, संगीतकार आणि त्यांची मृत्युवर्षे लागतात. हीच तर नोंद. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभाही दिली आहे. आणि अमुक मुद्रिका अमुक ठिकाणी आहे एवढे लिहून ठेवायला कोणाच्याच परवानगीची गरज नसते.

तिसरा आक्षेप पैशांचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली राज्यात अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये मान्यताप्राप्त आहेत. अ, ब, क, ड अशा त्यांच्या वर्गवारीवर अनुदान ठरते, आणि ते पुस्तकांना आणि सेवकांच्या पगाराला पुरत नाही ही तक्रार जुनी आहे, रास्तही आहे. संग्राहकांचा अविश्वासही समजण्याजोगा आहे. ज्या संस्थेत कागदाला वाळवी लागते तिथे लाखेची तबकडी कोण देईल? म्हणूनच वस्तू आणि नोंद वेगळी करावी लागते. तबकड्या संग्राहकाकडे, विद्यापीठाकडे किंवा सुसज्ज संग्रहालयाकडे राहू देत. ग्रंथालयाने माहिती घ्यावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचा दाखला इथे मोलाचा आहे. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रण त्यांतल्या थोड्यांचेच झाले, पण ओव्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासह विषयवार लावून ठेवल्या गेल्या. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या गाणारणींना शोधून काढून ओव्या जगापुढे ठेवल्या, त्या याच नोंदीच्या बळावर.

कुर्ल्यासारख्या उपनगरात या कामाचे महत्त्व दुप्पट होते. एकीकडे १८८६ मध्ये टाटांच्या ताब्यात आलेल्या स्वदेशी मिलच्या आसऱ्याने वाढलेली कामगारवस्ती. दुसरीकडे होली क्रॉस चर्चच्या भोवतालचे जुने ख्रिस्ती गावठाण, मुसलमान मोहल्ले, बौद्ध वस्त्या. पलीकडे घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत होते. शाहिरी, भीमगीते, कव्वाली, ईस्ट इंडियन समाजाची लग्नगीते या प्रकारांचा मोठा भाग नामांकित कंपन्यांच्या यादीत आलाच नाही. तो लहान निर्मात्यांच्या कॅसेटवर, जयंतीच्या मंडपात आणि घरच्या मुद्रणांत राहिला. चुंबकीय फीत तबकडीपेक्षाही अल्पायुषी. हे साहित्य मध्यवर्ती संग्रहालयापर्यंत आपणहून जाणार नाही, कारण त्याची माहिती गल्लीतच असते: फोटोत ढोलकीवर कोण आहे, मंडळ कोणाचे, गाणे कोणत्या प्रसंगी बांधले. ती विचारायला जवळचे वाचनालयच हवे. कुर्ल्याहून हाकेच्या अंतरावर, कालिना संकुलात, मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि लोककला अकादमी आहेत. गल्लीतली नोंद आणि विद्यापीठातली तांत्रिक सोय यांची गाठ घालणे अवघड नाही.

तेव्हा सुरुवात लहान असावी: तबकडी-कॅसेटसाठी एक ठरलेला नोंदतक्ता, तो भरून घेणारी प्रत्येक तालुक्यातली एक-दोन ग्रंथालये, आणि सर्वांना पाहता येईल अशी एकत्रित सूची. एक तारीख आधीच ठरलेली आहे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही शाहीर १९६९ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेर संपतो. १ जानेवारी २०३० पासून त्यांची रचना कोणीही छापू शकेल, गाऊ शकेल, वाटू शकेल. कवने पुस्तकांत आहेत, ती सापडतील. ती कोणकोणत्या आवाजांत, कोणत्या फितींवर आणि कोणाच्या घरी आहेत, हे सांगणारी माणसे तोवर कमी होत जाणार आहेत. कायद्याने दिलेली मोकळीक उपयोगी पडायची असेल, तर ही यादी त्या तारखेच्या आधी तयार व्हायला हवी.