कॅमेऱ्यावरचे नाव आणि कॅमेऱ्यातले काम

बाजारात वस्तूची पारख करण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिच्यावरील नाव वाचणे. येवल्याची पैठणी किंवा मिरजेचा तंबोरा म्हटला की गिऱ्हाईक निम्मे निर्धास्त होते. असे नाव एका दिवसात मिळत नाही. कारागिरांच्या पिढ्या खपतात, तेव्हा कोठे ते लोकांच्या तोंडी बसते. नाव म्हणजे त्या श्रमांची साक्षच होय. परंतु हीच साक्ष दुसऱ्या कोणी घडविलेल्या वस्तूवर, अधिक किंमत घेऊन, चिकटविण्यात आली तर? कॅमेऱ्यांच्या व्यवसायात असे अनेकदा घडले आहे. आज त्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत.

स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४१ साली आपल्या देशाच्या हवाई दलासाठी कॅमेरे बनविण्यास आरंभ केला. १९४८ साली त्यांचा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा कॅमेरा आला. मोठ्या आकाराची फिल्म, बदलता येणारी लेन्स आणि काढघाल करता येणारी फिल्मची पेटी, ही त्याची वैशिष्ट्ये होती. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन यांनी चांद्रभूमीवर जी छायाचित्रे घेतली, ती हॅसलब्लाडच्याच कॅमेऱ्याने. तेव्हापासून या नावाभोवती एक वलय निर्माण झाले, आणि ते सर्वस्वी कमावलेले होते.

आता पुढील प्रकार पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरी भरलेल्या प्रदर्शनात याच कंपनीने 'लूनर' नावाचा कॅमेरा मांडला. लूनर म्हणजे चंद्राचा! मुठीला निवडक लाकूड, उंची कातडे, टायटॅनियम. किंमत सुमारे ५,००० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने ६,००० डॉलरांहून अधिक. परंतु आतले यंत्र जपानच्या सोनी कंपनीचे होते. तिच्या 'नेक्स-७' या कॅमेऱ्याचाच तो नवा अवतार होता, आणि मूळ कॅमेरा १,२०० डॉलरांच्या आसपास कोणत्याही मोठ्या दुकानी मिळत होता. २०१३ साली 'स्टेलर' आला. सोनीचा सुमारे ६५० डॉलरांचा खिशात मावणारा 'आरएक्स-१००' नवा साज लेवून जवळजवळ २,००० डॉलरांना विकावयास ठेवला गेला. २०१४ साली सोनीच्याच 'अल्फा-९९' वर बेतलेला 'एचव्ही' आला. त्याची किंमत लेन्ससह ११,५०० डॉलर होती.

'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे कोणाच्याही ओठी येईल. परंतु ती पुरती लागू पडत नाही. येथे वाळा कथलाचा नव्हता, चांगल्या चांदीचा होता. सोनीचे ते कॅमेरे आपापल्या जागी उत्तमच होते. आक्षेप एवढाच की, चांदीच्या वाळ्याला सोन्याची किंमत लावली गेली.

छायाचित्र कशाने घडते हे ध्यानात घेतले म्हणजे हा आक्षेप स्पष्ट होईल. प्रकाश प्रथम लेन्समधून येतो. मग पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसविलेला सेन्सर तो टिपून घेतो. शेवटी आतला संगणक त्या टिपणातून रंग व छटा सिद्ध करतो. चित्राचा बरेवाईटपणा या तिघांवर आणि छायाचित्रकाराच्या नजरेवर अवलंबून असतो. मुठीचे लाकूड हाताला सुखद लागेल, परंतु चित्रात एका रेषेचीही भर घालणार नाही. लूनरमध्ये सेन्सर तोच, आणि चित्र सिद्ध करणारी यंत्रणाही मुळात तीच. मग चौपटीहून अधिक पैसे कशाचे?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दोन कंपन्यांनी मिळून वस्तू घडविणे यात गैर काहीच नाही. सेन्सर घडविणारे कारखाने उभारण्यास अफाट भांडवल लागते, आणि लहान कंपनीला ते परवडणे शक्य नसते. चंद्रावर गेलेल्या त्या हॅसलब्लाडची लेन्स तरी कोठे हॅसलब्लाडची होती? ती जर्मनीच्या झाइस कंपनीची होती. परंतु लेन्सवर झाइसचेच नाव कोरलेले होते, आणि ज्याचे नाव त्याचेच काम होते. जर्मनीच्या लाइट्झ कंपनीने जपानच्या मिनोल्टाशी हातमिळवणी करून १९७३ साली 'लायका सीएल' काढला. १९७६ सालचा 'लायका आर-३' मिनोल्टाच्या एका कॅमेऱ्याच्या पायावर उभा होता, तरी प्रकाशमापनाच्या रचनेत लाइट्झने स्वतःची भर घातली होती. आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या तेथील कंपनीने आगफाच्या सहकार्याने 'क्लिक-३' हा साधा कॅमेरा काढला. तेथेही नाव परदेशीच होते. परंतु त्या सहकार्याने कॅमेरा आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत आणला. एका भागीदारीने वस्तू लोकांच्या जवळ आणली आणि दुसरीने तीच वस्तू विनाकारण दूर नेली, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या दोन टोकांच्या मधलाही एक प्रकार आहे. २००८ साली पॅनासॉनिकचा 'एलएक्स-३' आणि लायकाचा 'डी-लक्स ४' असे दोन कॅमेरे आले. दोहोंतील यंत्र एक, दोहोंवरील लेन्सला नावही लायकाचेच. लायकाच्या पेटीत वेगळे बाह्यरूप, रंगांची थोडी निराळी जुळणी आणि छायाचित्रे संस्कारण्याचे एक सॉफ्टवेअर होते; किंमत मात्र बरीच अधिक होती. ज्याला या जादा गोष्टी हव्या होत्या त्याने त्या खुशाल घ्याव्यात. परंतु आपल्या चित्रांचा दर्जा त्यामुळे वरच्या वर्गात जाईल, अशी समजूत करून घेणे मात्र चुकीचे ठरले असते.

कोणी म्हणेल, हे तर श्रीमंतांचे चोचले. त्यांची आम्हांस काय पर्वा? परंतु आज हाच प्रश्न आपल्या खिशात येऊन बसला आहे. २०१६ साली हुआवेच्या एका फोनवर लायकाचे नाव आले. २०२० साली विवोने झाइसशी करार केला. २०२१ साली वनप्लसने हॅसलब्लाडशी तीन वर्षांची भागीदारी करून तीत १५ कोटी डॉलर गुंतविण्याचे घोषित केले, आणि २०२२ साली शाओमीने लायकाशी हात मिळविले. या भागीदाऱ्या निव्वळ पोकळ होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. रंगांची जुळणी, लेन्सवरील लेप अशी कामे त्यांतून झाली आहेत. परंतु फोनमधील सेन्सर नखाएवढा आणि लेन्स कडधान्याच्या दाण्याएवढी असते. तिच्याशेजारी कोरलेले प्रतिष्ठित नाव वाचून त्या नावाचा मोठा कॅमेराच हाती आला, असे समजणे भ्रम होय. हप्त्याहप्त्याने फोन घेणाऱ्या तरुणाला, किंवा कर्ज काढून लग्नसमारंभाची छायाचित्रे घेण्याचा व्यवसाय मांडणाऱ्याला, हा भ्रम खरोखर महाग पडतो. नावापोटी गेलेल्या रकमेत एखादी चांगली लेन्स किंवा भक्कम तिपाई आली असती.

यास्तव खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, लेन्स, सेन्सर आणि चित्र सिद्ध करणारी यंत्रणा यांपैकी नेमके काय या नावाच्या कंपनीने घडविले? दुसरा, हेच यंत्र दुसऱ्या नावाने व कमी किमतीत मिळते काय? तिसरा, दोहोंनी घेतलेली चित्रे शेजारी ठेवली आणि नावे झाकली, तर फरक ओळखता येईल काय? उत्तरे समाधानकारक मिळाली तर वस्तू अवश्य घ्यावी. ती तशी न मिळताही नावाच्या हौसेपोटी कोणाला घ्यावीशी वाटली, तर दागिना म्हणून घ्यावी. अवजार म्हणून नव्हे.

हॅसलब्लाडची ती मालिका पुढे बंद पडली. २०१६ साली कंपनीने 'एक्स१डी' हा आपला स्वतंत्र कॅमेरा आणला. त्याचा सेन्सर बाहेरचाच होता. परंतु कॅमेऱ्याची रचना, त्याच्या लेन्स आणि रंगांचा संस्कार यांमागे कंपनीची स्वतःची बुद्धी व कष्ट होते. जाणकारांनी त्याचे स्वागत केले. नाव हे पूर्वजांनी भरून ठेवलेल्या कणगीसारखे असते. त्यातले धान्य नुसते विकून चालत नाही, दरसाल नव्या पिकाची भर त्यात पडावी लागते. ती पडत आहे की नाही, हे पाहणे ग्राहकाच्या हाती आहे. ते त्याने डोळसपणे पाहावे.