मांजरीचं पिल्लू घेताय? आधी वय विचारा!

हॉस्टेलवर कोणी पर्शियन मांजरीचं पिल्लू आणलं की पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याचं आणलं बे?" ते किती आठवड्यांचं आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि पिल्लू जगणार की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

गेल्या वर्षी माझ्या एका वर्गमित्राने अकोल्याहून 'दोन महिन्यांचं, निळ्या डोळ्यांचं' पिल्लू अमरावतीला आणलं. मेसच्या काट्यावर ते जेमतेम साडेचारशे ग्रॅम भरलं. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, आठव्या दिवशी पिल्लू गेलं. दोन महिन्यांचं निरोगी पिल्लू साधारण ८०० ते ९०० ग्रॅम भरतं. साडेचारशे ग्रॅम म्हणजे महिनाभराचं! आणि निळे डोळे म्हणाल, तर जवळजवळ सगळीच पिल्लं निळे डोळे घेऊन जन्मतात, खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसू लागतो. ज्या डोळ्यांसाठी मित्राने जास्त पैसे मोजले, ती बहुधा पिल्लू कोवळं असल्याचीच खूण होती.

आठ आठवड्यांचा एवढा आग्रह कशासाठी? तोवर पिल्लू आईचं दूध सोडून नीट खायला शिकतं. जागेवर शी-शू करणं, खेळताना जोरात न चावणं हेही ते आई-भावंडांकडूनच शिकतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती बेधडक मागा.

लसीचं गणितही वयाशीच जोडलेलं आहे. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तोवर लसीला नीट काम करू देत नाही. ती नेमकी कधी संपेल, हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस देतात. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर. तेव्हा "एक इंजेक्शन झालंय, आता टेन्शन नाही" असं विक्रेता म्हणाला, तर मान डोलवू नका.

घेताना आईला पाहायचा हट्ट धरा. पिल्लाचे डोळे-नाक कोरडे हवेत. अंग बारीक आणि पोट तेवढं टम्म असेल तर जंत समजा. बाजारात 'पंच फेस' म्हणतात त्या चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास असतो. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्यांचे काय हाल होतील, विचार करा. त्यापेक्षा साधं गावठी पिल्लू बरं. काटक असतं आणि फुकट मिळतं!

अकोला ते अमरावती एसटीने आणायचं तर सकाळची पहिली गाडी पकडा. कॉलेजच्या सॅकमध्ये कोंबू नका, झाकणाची हवेशीर टोपली घ्या. आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं आत घाला. घरी आल्यावर काही दिवस एकाच खोलीत ठेवा, तिथेच घमेल्यात वाळू. खाणं आधीचंच चालू ठेवा. गाईचं दूध नको, त्याने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. क्रोसिनची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिच्यातलं पॅरासिटामोल त्याच्या यकृताला पचवता येत नाही. काळं फिनाईलही विषच. पंजे चाटताना ते पोटात जातं. पिल्लू सुस्त झालं, खाईना, की त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अकोल्यात तर पशुवैद्यक संस्थाच आहे.

आता कडू गोष्ट. आपली डिग्री चार वर्षांची, मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. परीक्षा संपली की आपण गावी जातो, मेस बंद होते. मग पिल्लाने कुठं जायचं? उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हॉस्टेलच्या रूमवर पिल्लू आणूच नका. हौस असेल तर आधी घरी फोन करा. आई मनापासून "आण रे बाबू" म्हणाली, तरच टोपली शोधायला लागा.